गुप्तांगावरच्या चामखिळींवर पायाच्या कुरुपाचं औषध लावू नका

‘कुरुपाचं सॅलिसिलिक ॲसिड लावा, गुप्तांगावरचे मस आठवड्यात गळून पडतात’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ते औषध तळव्याच्या जाड कातडीसाठी असतं. जननेंद्रियाची त्वचा नाजूक, तिथे ते भाजतं, जखमा होतात.

आधी निदान हवं. शिश्नमुंडाच्या (लिंगाच्या टोकाच्या) कडेने ओळीत दिसणारे एकसारखे बारीक दाणे बहुधा नैसर्गिकच असतात, त्यांना उपचार लागत नाही. चपटे, ओलसर उंचवटे सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचे असू शकतात, म्हणून रक्ततपासणी. खऱ्या चामखिळी खडबडीत, फुलकोबीसारख्या. बहुतेक एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होणाऱ्या. हे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत, तेव्हा घाबरून जाऊ नका.

डॉक्टर इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम देतात: आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, झोपताना लावायचं, ६ ते १० तासांनी धुवायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. किंवा द्रव नायट्रोजनने गोठवतात. गरोदर असाल तर आधी सांगा, पोडोफायलोटॉक्सिन हे चामखिळींवर लावायचं औषध तेव्हा चालत नाही. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी पुन्हा उगवणं नेहमीचं आहे, उपचार फसला असं नव्हे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.