चिरंजिवांची सोळा इंची हौस

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या चिरंजिवांच्या हौसेला मात्र बिल होतं, आणि ते माझ्या नावाने फाडलेलं होतं. माझ्या हॅचबॅकची १६५/८० आर १४ ची सालस चाकं काढून त्यांनी २१५/६० आर १६ बसवून आणली, तीही काळ्या अलॉयवर. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत.) "बाबा, आता गाडीला रोड प्रेझेन्स आला!" रोड म्हणजे कुडाळपासून आमच्या वाडीपर्यंत. तिथे प्रेझेन्स असतो तो गुरांचा.

गडग्यापलीकडून तात्यांनी गाडी न्याहाळली. "गाडयेक गमबूट घातलंस काय रे?" पाऊस तोंडावर आलाच होता, मी हो म्हणून टाकलं.

मग रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटरवरून ६६४ वर गेलेला. वाढ ४४ ची, पण गाडी उचलली गेली २२ च. उरलेले २२ वरच्या अंगाला, मडगार्डच्या पोटात, जिथे आधीच जागेची बोंब. रुंदीत ५० वाढले ते वेगळेच. चिरंजीव इंजिनिअर आहेत. कागद बघून म्हणाले, "ही थिअरी झाली."

प्रॅक्टिकल आमच्या पाणंदीत झालं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि घराकडे वळायचं तर स्टेअरिंग पार शेवटपर्यंत फिरवावं लागतं. फिरवलं, आणि पुढून खर्रर्र! टायर आतलं प्लास्टिकचं अस्तर सोलत होता. तरी गाडीत मी एकटाच होतो.

पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरला लग्न. मागे आई, आत्या, मेव्हणे. डिकीत नारळांचं पोतं. मागची बाजू अशी बसली की आंबोली घाटात खड्डा आला रे आला, मागचा टायर मडगार्डला घासायचा, आणि आवळ वळण आलं की पुढचे. गाडी खर्रर्र म्हणायची आणि मेव्हणे मागून गाऱ्हाण्याच्या सुरात साद द्यायचे, "व्हय म्हाराजा!" चौकुळ फाटा येईपर्यंत आईसुद्धा त्यांना सामील झाली. मी घाम पुसत दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकत होतो, कारण एवढी जड, मोठी चाकं ओढताना चढावर इंजिनाचा दम निघतो.

सपाटीवर वेगळी गंमत. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, त्यामुळे आधी काटा अचूक होता असं धरलं तर तो ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ च्या आसपास असते. कॅमेऱ्याने पकडलं तर काट्याची साक्ष काढता यायची नाही. आणि स्टेपनी? खळग्यात नवीन चाक मावत नाही, म्हणून तिथे जुनंच ठेवलंय. पंक्चर झाल्यावर ते पुढे लावलं तर गाडीचा एक पाय तोकडा आणि डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या जिवाला घोर.

अलॉयवाल्याकडे गेलो. बसवताना "बिनधास्त चालवा" म्हणणारा तो गृहस्थ आता म्हणाला, "अस्तर थोडं कापू, पत्र्याची कड आत वाकवू." कापाकापी माझ्या गाडीची, मजुरीही माझीच. चिरंजिवांना हे पटेना. त्यांच्या मते खरा उपाय लिफ्ट किट, म्हणजे गाडीच उंच करणारे सुटे भाग. मोबाईलवर किंमतही काढून झाली.

सोमवारी रात्रीच्या गाडीने ते पुण्याला परत जाताहेत. उरलेली जुनी चाकं विकायला म्हणून ते शोधत होते. ती पडवीत सुपारीच्या गोण्यांखाली आहेत. टायरवाल्याला मी मंगळवारी सकाळी बोलावलंय.