शाल-श्रीफळ पुरे, पहिल्या सेमिस्टरची फी द्या

बेळगावात जून-जुलै म्हणजे सत्कारांचा हंगाम. सहकारी पतसोसायट्या, युवक मंडळं, समाजाच्या संस्था, सगळ्यांचे गुणवंतांचे गौरव सोहळे. दहावी-बारावीच्या पोरांना शाल, श्रीफळ, पाकीट, वर पाहुण्यांची तासभर भाषणं. होऊ देत, माझी तक्रार नाही. पण त्यातलीच एखादी मुलगी चार-पाच वर्षांनी सिव्हिल किंवा आर्किटेक्चर पुरं करून 'मला नगररचनेत मास्टर्स करायचंय' म्हणते, तेव्हा तिच्या पाठीशी कुणीच नसतं. घरात विचारतात, "म्हणजे घरांचे प्लॅनच काढणार ना? मग आणि दोन वर्षं कशाला?"

कशाला, ते पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याच्या काठानं येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात फिरून बघा. रोप लावलेलं भात पाण्याखाली असतं. शहर वाढलं, नाल्यात गाळ आणि अतिक्रमणं साचली, आणि पाणी शेतकऱ्याच्या बांधावर आलं. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी किती वर्षं विरोध केला, कोर्टात किती खेटे घातले, ते सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आपण फटाके उडवले. पण शहराचा विकास आराखडा टेबलावर असतो तेव्हा तो वाचून, हरकतीच्या मुदतीत, नियमांवर बोट ठेवून बोलणारी आपली माणसं किती? मोर्चा काढायला हजारो आहेत. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं त्याचा, नकाशा वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. ते शिकायला ही दोन वर्षं लागतात.

आता पैशाचं. मी हा कोर्स केलाय, त्यामुळं ऐकीव सांगत नाही.

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे गेट, इंजिनिअरिंग-आर्किटेक्चरच्या मास्टर्ससाठीची देशपातळीवरची परीक्षा. त्यात आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग असा स्वतंत्र पेपर असतो, आणि सिव्हिलच्या पेपरवरही बऱ्याच ठिकाणी एम. प्लॅन.ला, म्हणजे नगररचनेच्या मास्टर्सला, प्रवेश मिळतो. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि एनआयटी यांचे प्रवेश सीसीएमटीच्या सामाईक फेऱ्यांतून होतात. खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटीत वेगळा अर्ज करावा लागतो. गेटवर नियमित जागा मिळाली की महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड, २४ महिने. गुणाकार केला तर २ लाख ९७ हजार ६०० होतात. बदल्यात आठवड्याला काही तास विभागाचं काम करायचं, म्हणजे खालच्या वर्गाचे स्टुडिओ, जर्नल तपासणं वगैरे. ही रक्कम बऱ्याच वर्षांत वाढलेली नाही आणि मोठ्या शहरात ती पुरत नाही, हे खरं. तरी होस्टेलवर राहणाऱ्याची मेस त्यात निघते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे मध्ये एखादं वर्ष नोकरी करून गाठीला थोडे पैसे बांधता येतात.

मुख्य म्हणजे गेट तुम्हाला डोमिसाईल विचारत नाही. आपल्या पोरांची गाडी नेमकी त्या रकान्यावर अडते. महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी काही अभ्यासक्रमांना वेगळा प्रकार ठेवलेला आहे. चांगलंच आहे ते. पण प्रवेशाची सवलत मिळाली म्हणजे शिष्यवृत्तीही मिळणारच, असं धरून कोल्हापूर-पुण्याला जाऊ नका. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी अमुक जाहीर, तमुक जाहीर अशा बातम्या येतात, टाळ्या पडतात. जीआर हातात घ्या, त्यात तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का बघा, मगच घरात सांगा.

इकडं कर्नाटकात स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज असतो. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या कचेरीतून) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यावरचा आरडी नंबर पोर्टलवर टाकायचा. नंबर बरोबर असूनही आधारवर 'पाटील' एका स्पेलिंगनं आणि मार्कशीटवर दुसऱ्या स्पेलिंगनं असेल तर अर्ज तिथंच लटकतो. गेटच्या स्टायपेंडलाही हेच लागू, कारण पैसे आधार जोडलेल्या खात्यावर येतात. म्हणून परीक्षेच्या आधी नाव दुरुस्त करून घ्या. मराठा समाज इथं मागासवर्गीयांच्या ३-बी प्रवर्गात येतो, आणि समाजासाठी राज्याचं स्वतंत्र विकास महामंडळही आहे. कर्नाटकाचं अनुदान घ्यायचं का, असं तोंड वाकडं करून विचारणारे मला भेटतात. का घ्यायचं नाही? घरपट्टी, जीएसटी आपण भरत नाही का? सीमाप्रश्न कोर्टात आहे, पोरीची फी कोर्टात नाही. एक मात्र बघा: स्टायपेंड घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. दोन्ही चालतात का, ते संस्थेकडून लेखी घ्या.

सेल्फ फायनान्स आणि स्पॉन्सर्ड जागांपासून सावध. संस्थेचं नाव तेच, डिग्री तीच, पण स्टायपेंड नाही. फेरीत पर्याय भरताना हे बारीक अक्षरात असतं. खाजगी विद्यापीठं चांगली आहेत, पण फी लाखांत जाते, आणि नगररचनेतल्या पहिल्या नोकरीचा पगार सॉफ्टवेअरसारखा नसतो. तिथं कर्ज काढण्याआधी दहा वेळा विचार करा.

कर्ज लागलंच तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. यादीतल्या संस्थांसाठी (सुरुवातीला त्या ८६० होत्या) तारण नाही, जामीनदार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. तरी एका बँकेत आमच्या नात्यातल्या मुलाला साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "शेत कुणाच्या नावावर?" शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेतही नाहीत, पण विचारतात. योजनेचा कागद छापून सोबत न्या आणि नकार दिला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.

परदेशाचं थोडक्यात. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यात डॉर्टमुंडचा स्प्रिंग हा प्रादेशिक नियोजनाचा अभ्यासक्रम येतो. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपमध्ये शहरी आणि प्रादेशिक नियोजन हा विषय नावानिशी आहे. डाडला किमान दोन आणि फुलब्राइटला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पदवीनंतर लगेच नाही.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. जागा मिळाली की काही दिवसांत फी भरावी लागते. स्टायपेंड मात्र जुलैत सुरू होत नाही. हजेरीचं प्रमाणपत्र, खात्याची जुळणी, वरून निधी असं करत माझा पहिला हप्ता दिवाळी उलटल्यावर आला. तोवरचे चार-पाच महिने बाबांनी दोन सोसायट्यांतून उचल काढून भागवले. कर्जाची मंजुरीही याच काळात रखडते. माझ्यासोबत जागा मिळालेला आपल्याच भागातला एक मुलगा या एवढ्या फटीतून घसरला आणि साईट सुपरवायझर म्हणून लागला. हुशारीत माझ्यापेक्षा कांकणभर सरस होता.

ही फट भरायला कोट्यवधी लागत नाहीत. एखाद्या सोसायटीनं सत्काराचा खर्च निम्मा करून आणि नफ्यातून धर्मादायासाठी काढलेल्या रकमेत भर घालून वर्षाला चार-पाच मुलांना पहिल्या सेमिस्टरची फी बिनव्याजी द्यावी. स्टायपेंड सुरू झाला की मुलानं हप्त्यानं परत करावी, तोच पैसा पुढच्या मुलाला. देणगी नको, उसनवारी चालेल. जामीन म्हणून प्रवेशाचं पत्र आणि गेटचं स्कोअरकार्ड पुरे.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. ऑगस्टअखेरीला गेटचे फॉर्मही सुटतात. तुम्ही कुठल्या सोसायटीचे सभासद असाल तर सभेआधी एक अर्ज लेखी द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. नुसता 'आयत्या वेळच्या विषयां'त टाकला तर लाडू-चिवडा वाटेपर्यंत तो निघणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.