बेटाचा बेत

लेकीची दहावी संपली की कुठेतरी जाऊ, एवढंच मी जेवताना बोललो होतो. आमच्याकडे तीन पिढ्या 'कुठेतरी' म्हणजे वणी, फार तर गणपतीपुळे. पण लेकीने ताट बाजूला सारलं आणि मोबाइल पुढे केला. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट, खाली समुद्र.

"सँटोरिनी," ती म्हणाली. "ग्रीसचं बेट आहे."

आईने चष्मा लावून बघितलं. "चुन्यात नीळ जरा जास्त पडलीय," म्हणाली आणि ताक वाढून घेतलं.

कुणी नाही म्हटलं नाही, तिथेच घात झाला. ही ऑक्टोबरातली गोष्ट. त्या रात्रीपासून आमच्या नाशिकच्या घरात टीव्ही बंद आणि नकाशा चालू.

ग्रीसला लहानमोठी मिळून सुमारे 6,000 बेटं आहेत आणि त्यातल्या 227 वर माणसं राहतात, हे मी उत्साहाच्या भरात घरात वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला. साडीच्या दुकानात 'अजून आहेत का?' असं विचारणाऱ्या बाईला कुणी गोदामाची किल्ली देतं का? दुसऱ्या दिवशी बायकोच्या वहीत सतरा नावं होती. त्यातल्या एका बेटावर मोटारीच नाहीत, म्हणून ते आवडलं होतं. आणि मोटारीच नाहीत, मग बॅगा कोण उचलणार, म्हणून खोडलंही होतं. बॅगा कोण उचलणार याचं उत्तर माझ्याकडे बघून मिळालं असणार.

त्यात मामा आला. मामाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "करताच आहात व्हिसा, तर माझाही एक टाक त्यात," असं तो म्हणाला. किराण्याच्या यादीत शेवटी साबण लिहायला सांगावा तसं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण लेकीने त्याला सँटोरिनीच्या द्राक्षबागांचा फोटो दाखवला आणि मामा खुर्ची ओढून बसला.

"मांडव कुठंय?"

"मांडव नसतो तिथे. वारा फार. म्हणून वेल गोल वळवत टोपलीसारखे जमिनीवर ठेवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात," मी वाचून सांगितलं. "उन्हाळ्यात पाऊस नाही. दवावर आणि धुक्यावर भागतं."

मामाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा. बराच वेळ तो एका पेराकडे बघत होता.

"डावणी येत नाही?" मामाने द्राक्षांवरचे रोग मोजायला घेतले.

"ते नाही लिहिलेलं."

"भुरी?"

"मामा, हे पर्यटनाचं पान आहे."

"मग जाऊनच बघावं लागेल," मामा म्हणाला. अशा रीतीने सँटोरिनीला एक मत पक्कं झालं, आणि तेही घुमटांसाठी नाही, भुरीसाठी.

आईचा प्रश्न गुडघ्यांचा होता. सँटोरिनीला फिरा नावाचं गाव कड्यावर आहे आणि जुन्या बंदरावरून वर चढायला जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. पायऱ्या नको असतील तर गाढवं. "सप्तशृंगीला ट्रॉली झाल्यापासून मी पायऱ्या सोडल्यात," आईने जाहीर केलं, "आणि गाढवावर बसायला मी काही पाप केलेलं नाही." तिथेही केबल कार आहे म्हटल्यावर ती शांत झाली. देवी कुठली आहे, एवढं मात्र तिने विचारून घेतलं.

मग खोल्यांचे दर बघितले. सँटोरिनीचा कडा झाला कसा, तर साधारण 3,600 वर्षांपूर्वी तिथला ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग खचला, त्यात समुद्र शिरला आणि भोवती कडे उरले. त्या कड्यावरून समुद्र दिसणारी खोली हवी असेल तर तिचा एका रात्रीचा दर बघून बायकोने मोबाइल उलटा ठेवला. डोंगर तेव्हा फुटला, वसुली अजून चालू आहे. वर 2025 च्या फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे इतके धक्के बसले की हजारो लोक बेट सोडून गेले होते, हेही तिने शोधून काढलं. "दोन दिवस सँटोरिनी, बाकी नॅक्सोस," ती म्हणाली. नॅक्सोस मोठं बेट, त्या मानाने स्वस्त, आणि तिथले बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले. बटाट्यांना आमच्या घरात विरोध होऊ शकत नाही.

ठरलं होतं की. मीच शहाणपणा केला. नॅक्सोसची पुराणकथा सांगायला गेलो: थीसियस नावाच्या वीराने अरियाड्नीला पळवून आणलं आणि नॅक्सोसच्या किनाऱ्यावर ती झोपलेली असताना तो जहाजात बसून निघून गेला.

"झोपेत सोडून गेला?" एरवी मला अरे म्हणणारी बायको आईसमोर अहोवर येते, पण त्या दिवशी तेही विसरली. "आणि तू मला त्या बेटावर नेणार?"

"पुढे ऐक ना. मग तिथे डायोनायसस आला. द्राक्षांचा, वाइनचा देव. त्याने तिच्याशी लग्न केलं."

बायकोने थोडा विचार केला. "मग चालेल," म्हणाली.

मामाही म्हणाला, चालेल. देव शेवटी बागायतदार निघाला होता.

आता कधी जायचं? दिवाळीच्या सुट्टीत जावं, तर तिकडे मोसम संपलेला, बोटी कमी, बरीच हॉटेलं कुलपात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि फार जोरात असला की बोटी बंदरातच थांबवतात. शिवाय लेकीचं अकरावीचं काय? राहता राहिला मे. मे मध्ये समुद्र अजून गार असतो हे लेकीपासून लपवून मी 1 मेची बोट बघितली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने नॅक्सोस साधारण पाच-साडेपाच तास. महाराष्ट्र दिन एजियन समुद्रात साजरा होणार, याचा मला कोण अभिमान! सहलीच्या दिवसवार तक्त्यात मी त्या चौकोनाला भगवा रंगही दिला.

तो चौकोन दोन दिवस टिकला. 1 मे हा कामगार दिनही आहे आणि त्या दिवशी तिकडे बोटींवरचे कामगार बहुधा संपावर असतात, हे लेकीला कळलं. आपण कामगार दिन झेंडा लावून पाळतो, ते काम न करून पाळतात. मला विचाराल तर पद्धत त्यांचीच शास्त्रशुद्ध. पण बोट 2 तारखेला गेली, त्यामुळे अथेन्सची रात्र वाढली, त्यामुळे सँटोरिनीची घटली, त्यामुळे मामा दोन दिवस बोलला नाही.

जेवणाची काळजी मात्र उगाच केली. सँटोरिनीची खासियत म्हणजे फावा. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा, लिंबू. दुसरी खासियत टोमॅटोची तळलेली भजी. म्हणजे एवढा खर्च करून आम्ही वरण आणि भजी खायला चाललो होतो. आईने लगेच तुपाची बरणी काढली, तेव्हा सांगावं लागलं की युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

"तूप म्हणजे दूध का?"

"ते तसंच धरतात."

"वरणावर तूप नको म्हणणाऱ्यांकडे चाललोय आपण," आई म्हणाली आणि बरणी अशी आत ठेवली की फडताळाचं दार वाजलं.

उरले कागद. व्हिसाचे 90 युरो माणशी, 30,000 युरोंचा विमा, 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो, बँकेचा उतारा. 'दाम' हा शब्द मुळात ग्रीकांच्या द्रख्मा या नाण्यावरून आला, असं म्हणतात. आमचा त्याच वाटेने परत चालला होता. जायचं-यायचं तिकीट आणि राहायची सोय आधी दाखवायची, आणि व्हिसा मिळणार की नाही ते नंतर कळणार. मुलगी बघायला जाताना कार्यालयाची पावती घेऊन जाण्यासारखंच.

फोटो स्टुडिओत आईला सांगितलं, हसू नका, मान सरळ, कान दिसू द्या. ती घरी येईपर्यंत धुमसत होती. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय आणि दर वर्षी पोरांना पांडवलेण्यांवर नेलंय.

"सतरा नंबरचं लेणं कोणी खोदवलं?" तिने मला विचारलं. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

"इंद्राग्निदत्ताने."

"कोण तो?"

"यवन, म्हणजे ग्रीक. धर्मदेवाचा मुलगा. उत्तरेकडून आलेला."

"आला, लेणं खोदवलं, पाण्याची टाकी केली, भिंतीवर नाव कोरलं. आपण त्याला विचारलं का, बँकेत किती आहेत? कान दाखव म्हटलं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रीक वकिलातीकडेही असेल असं वाटत नाही.

शेवटचं ते पत्र. प्रत्येकाने लिहून द्यायचं की आपण का जातोय आणि, मुख्य म्हणजे, परत का येणार. माझ्या पत्रावर मी तीन रात्री घालवल्या. नोकरी, घराचा हप्ता, रजेचा दाखला, दिवसवार तक्ता, बोटींच्या वेळा, सगळं होतं. मामाने एका ओळीत संपवलं: बाग आहे. आईसाठी मी टाइप केलेलं पत्र तिने वाचलं आणि सही करेना. "परत का येणार ते यात कुठंय?" शेवटी ती सांगेल तसं लिहिलं, 'पहिल्या पावसाच्या आत कैरीचं लोणचं घालायचे असल्याने परत येणे भाग आहे,' आणि तेच वाक्य इंग्रजीत नेताना माझा घाम निघाला.

पासपोर्ट परवा आले. लेकीला, बायकोला आणि मला मोजून तक्त्याएवढ्या दिवसांचा व्हिसा. मामाला तेवढाच. आईला सहा महिन्यांचा, हवं तितक्या वेळा जा-ये.

आईने तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

"तुम्ही या परत वेळेवर," ती मला म्हणाली. "मी बघते काय ते. कैऱ्या घेताना मात्र दाबून घे, मागच्या वर्षी मऊ आणल्या होत्यास."