आभाळाचं माप

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, घेताना मी एक मिनिटही विचार केला नव्हता. 11 फूट लांब, मोरपिशी रंग, संपला विषय. त्याच्यावर पावसासाठी ताणायचा टार्प ठरवायला मात्र पावणेदोन महिने गेले. या काळात ज्याच्याकडे म्हणून मन मोकळं केलं, तो एकच वाक्य बोलला, "म्हणजे ताडपत्रीच ना?"

मीही आधी तसंच समजत होतो. 11 फुटांच्या हॅमॉकला 11 फुटांची ताडपत्री, यात अडण्यासारखं काय आहे? गणितात पूर्वी व्हायचं तसं झालं. उत्तर बरोबर, रीत चूक. टांगलेल्या हॅमॉकला झोळ पडतो आणि दोन टोकांमधलं सरळ अंतर कापडाच्या साधारण 83 टक्के उरतं. म्हणजे माझा हॅमॉक प्रत्यक्षात 9 फूट आणि वर दोन बोटं. त्यापुढे दोन्हीकडे निदान वीतभर वळचण हवी, की झाले साडेदहा-अकरा. पण हे मला कळलं तोवर पहिला टार्प घरात आलेला होता.

तो मी वजनावर भाळून घेतला. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना हा रोग होतोच. मी तेव्हा टूथब्रशचा दांडा कापून वापरत होतो, यावरून ताप किती चढला होता ते समजावं. टार्प मुठीत मावायचा आणि आकाराला तिरपा होता, कुणीतरी शंकरपाळं खेचून धरल्यासारखा. त्यामागे तर्क असा, की हॅमॉकमध्ये माणूस सरळ झोपत नाही. पाठ सपाट राहावी म्हणून तिरका झोपतो. मग जिथे माणूस नाही त्या कोपऱ्यांवर कापड कशाला वाया घालवा? तर्क बिनतोड आहे. फक्त टार्पचा तिरपेपणा आणि माणसाचा तिरपेपणा एकाच दिशेचा असावा लागतो. मी तो उलटा बांधला. रात्रभर त्याने हॅमॉकचे दोन रिकामे कोपरे डोळ्यांत तेल घालून कोरडे ठेवले. माझं डोकं आणि माझे पाय हा त्याच्या अखत्यारीतला विषय नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी भूमितीला शरण गेलो. 8 बाय 8 चा चौकोन कर्णावर टांगला तर आढ्याची लांबी भरते 11.3 फूट! एवढ्याशा कापडात एवढं लांब आढं, कर्ण दानशूर तो हाच, म्हणून मी हरखलो. पण त्या कर्णाचं पुढे काय झालं ते विसरलो. आढ्याला सगळं देऊन टाकल्यावर टोकांकडे रुंदी उरतच नाही. वारा तिरका फिरला, आणि कवचकुंडलं काढून दिलेल्या त्या वीरासारखा मी डोक्याकडून आणि पायाकडून एकदमच उघडा पडलो.

मग एका मित्राने आपला हिवाळी टार्प दिला. 12 फुटी, चौकोनी, दोन्ही टोकांना दारं. लावून घेतली की आत खोलीच. "यात तू भिजलास तर तो तुझा दोष," तो म्हणाला. मी भिजलो नाही, कारण तो टांगताच आला नाही. हॅमॉकच्या पट्ट्या थोड्या उंच बांधून जवळच्या झाडांमध्येही भागवता येतं. टार्प मात्र आढ्यावर घडी घालून आखूड करायची सोय नसते. मला 12 फुटांपेक्षा जास्त अंतरावरची दोन झाडं हवी होती. संध्याकाळभर स्थळं पाहत हिंडलो. एका जोडीचं अंतर जुळलं तर त्यातलं एक झाड वाळकं. त्याची फांदी रात्री अंगावर यायची. दुसरी जोडी धडधाकट, पण दोघांमध्ये मुंग्यांचं वारूळ.

शेवटी अकल्पित काही न करता मी 11 फुटी षट्कोनी टार्प घ्यायचं ठरवलं. तर तिथे उपप्रश्न. कडा सरळ हव्यात की आत वळलेल्या? वळलेली कड ताण सारखा वाटते, फडफडत नाही, आणि त्या बदल्यात थोडं छप्पर खाते. दोन टोकांना धरलेली साखळी जी वक्ररेषा घेते तीच ही. तिचं समीकरण 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली अशा तिघांनी मिळवलं. मला नुसतं "हो" किंवा "नाही" म्हणायचं होतं, तरी आठवडा लागला.

कापडाने तीन आठवडे खाल्ले. सिलिकॉन चढवलेलं नायलॉन चिवट असतं, पण ओलं झालं की सैलावतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, म्हणून ताठ राहतं. हे सगळं मी बायकोला तक्ता काढून समजावलं.

"अरे, मग पॉलिएस्टर घे," ती म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

गाठींबद्दल फार बोलत नाही. प्रुसिक नावाची एक गाठ आहे, कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये मांडलेली. आढ्याच्या दोरीवर टार्प पुढेमागे सरकवायला तिच्यासारखी दुसरी नाही. ताण आला की घट्ट धरते, ताण गेला की मोकळी होते. माझं बरोबर उलट आहे.

आणि मग ती रात्र आली. जोराचा पाऊस, वारा, आणि माझा टार्प नगाऱ्यासारखा ताठ. कडेने पागोळ्या गळत होत्या, मी आत कोरडा, तृप्त. दोनच्या सुमाराला पायांना गार लागलं. बुंध्यावरून वाहणारं पाणी पट्टी धरून, टार्पच्या खालून, शिस्तीत हॅमॉकमध्ये उतरत होतं. त्यावर उपाय म्हणजे पट्टीला बांधलेला एक सुतळीचा तुकडा. पाणी त्यावरून खाली ठिबकतं. सुतळी मी आणली नव्हती. दोन झाडं म्हणजे दोन तुकडे. अंधारात अंगावर चाचपत गेलो तेव्हा हाताला पायजम्याची नाडी लागली. ती बरोबर मध्ये कापली.

"कसा निघाला टार्प?" घरी पोचल्यावर बायकोने विचारलं.

"टार्प उत्तम आहे," मी म्हणालो. एका हातात पिशवी होती. दुसरा हात मोकळा नव्हता.