पर्ड्यूला हसण्याआधी

सकाळी चहा घेता घेता ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. आपल्याच एका, इंडियाना युनिव्हर्सिटीच्या संघाच्या चाहत्या मित्राने अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नव्या हंगामाचं भाकीत टाकलंय. बिग टेन या कॉलेज लीगमधले १८ संघ, त्यात आपल्याच राज्यातला जुना प्रतिस्पर्धी पर्ड्यू अठरावा, म्हणजे तळाला. खाली पुन्हा, 'यात विचार करण्यासारखं आहे काय?' आणि त्यावर दात काढणाऱ्या इमोजींची ही रांग.

अरे, जरा तरी आठवा! २०२४ च्या हंगामाआधी पत्रकारांनी आपल्या इंडियानाला १८ पैकी सतरावं ठेवलं होतं. तोपर्यंत देशातल्या मोठ्या कॉलेज संघांत सगळ्यात जास्त मॅच हरलेला संघ कुठला, तर आपलाच. सिग्नेटी कोच म्हणून आला आणि म्हणाला, "मी जिंकतो. गूगल करून बघा." तेव्हा हाच मित्र म्हणाला होता, ऑक्टोबरपर्यंत उतरेल मस्ती. त्या वर्षी ११ जिंकलो. पुढच्या हंगामात १६ पैकी १६, जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून राष्ट्रीय विजेते! आणि लगेच आपण दुसऱ्याला तळाचा म्हणायला मोकळे.

मला ती एक दुपार काही केल्या विसरता येत नाही. सिग्नेटीच्या आधीचे दिवस. लेक मार्चिंग हंड्रेडमध्ये, म्हणजे इंडियानाच्या बँडमध्ये, ट्रॉम्बोन वाजवायची. हाफटाइमला बँडचं वाजवून झालं आणि लोक उठले ते थेट पार्किंगमध्ये, ग्रिल आणि बिअरकडे. परत कोण येतंय! हा मित्रही उठला. "आता काय बघायचंय? चल, इंडियन स्टोअरला तरी जाऊन येऊ." आम्ही नवरा-बायको बसून राहिलो. आम्हाला फुटबॉल कळत होतं अशातला भाग नाही, पोरगी खाली होती म्हणून.

ठीक आहे, पर्ड्यू वाईट खेळलाय. आधी १ विजय आणि ११ पराभव, मग २-१०. आपण त्यांना ६६-० ने आणि ५६-३ ने धुतलं, मान्य. पण भाकीत म्हणजे गेल्या वर्षीचा निकाल खाली उतरवून काढणं नव्हे. हल्ली खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे एका हिवाळ्यात अर्धा संघ बदलतो. सिग्नेटीने जेम्स मॅडिसनहून, म्हणजे आधीच्या कॉलेजातून, स्वतःची पोरं आणली, क्वार्टरबॅक मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आला आणि हाइझमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला. जुलैमध्ये सोफ्यावर बसून यातलं कोणाला दिसलं होतं? (हो, पैसाही लागला. मार्क क्यूबनसारखा अब्जाधीश माजी विद्यार्थी प्रत्येक कॉलेजला मिळत नाही.)

दहावीच्या निकालाआधीच 'याचं काही खरं नाही' म्हणणारे शेजारी आपल्या सगळ्यांना होते. त्यांची किती चीड यायची! मग आता आपणच तेच शेजारी झालोत का?

त्या दुपारी चौथ्या क्वार्टरला स्टेडियममध्ये कावळे तेवढे राहिले होते. तरी बँडची पोरं रिकाम्या बाकांसमोर उभी राहून वाजवत होती. गारठ्याने लेकीचे ओठ फुटलेले. घरी आल्यावर तिला म्हटलं, कोणी ऐकत नव्हतं गं. तर म्हणाली, "बाबा, टीम होती ना मैदानात." मी गप्पच झालो.

पर्ड्यूच्या बँडमध्येही आपल्यातल्याच कुणाची तरी पोरं असतील. तो ग्रुप त्यांचे आईबापही वाचतात रे.

आणि भाकितच हवं असेल तर टायलर ट्रेंटचं आठवा. पर्ड्यूचा विद्यार्थी, हाडांचा कॅन्सर झालेला. २०१८ मध्ये ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरवर होता, आणि हा पोरगा म्हणाला पर्ड्यू जिंकणार. ४९-२० ने जिंकले! त्या रात्री तो स्टेडियममध्ये होता. पुढच्या १ जानेवारीला गेला. हे लिहिताना आत्ताही घसा दाटून येतोय. त्या पोराला संघाचा रेकॉर्ड माहीत नव्हता असं वाटतं का तुम्हाला?

असो. लिहायला बसलो तेव्हा त्या मित्राला ब्लॉकच करणार होतो. आता राग जरा उतरलाय. पोस्ट काढ म्हणत नाही, त्या इमोजी काढा फक्त.

पर्ड्यूवाल्यांनो, यंदा बकेटची, म्हणजे आपल्या दोघांमधल्या ट्रॉफीची, मॅच आमच्याकडे ब्लूमिंग्टनला आहे. मॅचआधी पार्किंगमधल्या टेलगेट पार्टीला या, वडापाव आमच्याकडून. जिंकणार आम्हीच, पण किती पॉइंटांनी ते मी आधी सांगणार नाही.