ओळ नंबर २१२

"२१२ नंबरची ओळ बघ," मी फोनवर म्हणालो.

"बघितली. इथं नुसता कंस आहे बे."

"कुठला कंस?"

"बंद होणारा."

आमचा नागपूरकर सहकारी खोटं बोलत नव्हता. कोडच्या माझ्या ब्रांचवर, म्हणजे माझ्या वेगळ्या प्रतीवर, जी २१२वी ओळ होती, ती त्याच्या मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य प्रतीवर, १८७वी होती, आणि हे उमगायला आम्हाला वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मिनिटं तरी 'तू फाइल कुठली उघडलीयस ते आधी सांग' यात गेली.

शहाणी माणसं अशा वेळी लिंक पाठवतात. ब्राउझरमध्ये रेपो, म्हणजे कोडचं कोठार, उघडायचा, फोल्डरमागून फोल्डर खणत फाइल गाठायची, ओळीच्या नंबरवर क्लिक करायचं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असाल तर त्यावर 'वाय' दाबायचं, म्हणजे पत्त्यातलं ब्रांचचं नाव जाऊन तिथे कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, चाळीस अक्षरी ओळख-क्रमांक, हॅश, येतो. ब्रांच उद्या पुढे सरकेल, हॅश जागचा हलत नाही. सगळं मिळून एका मिनिटाचं काम.

पण मी कोड लिहायला इमॅक्स हा जुना एडिटर वापरतो. एका मिनिटाचं काम एका मिनिटात उरकणं आमच्या पंथात बसत नाही. ते एका सेकंदात व्हावं म्हणून आम्ही तीन रात्री घालवतो. जीएनयू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५मध्ये लोकांच्या हाती दिला, तेव्हापासून तो पेठेतल्या जुन्या वाड्यासारखा आहे. हवी ती भिंत पाडा, पोटमाळा काढा, मालक हूं की चूं करत नाही. छत खाली आलं तर मात्र ते तुमचंच.

इमॅक्समधूनच लिंक बनवणारी कमांड लिहायला बसलो. पहिल्या रात्री गिटला, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, रेपोचा पत्ता विचारला. त्यानं एसएसएचचा दिला, 'गिट अ‍ॅट अमुक कोलन तमुक' असा, आणि तो ब्राउझरला कळत नाही. त्याचा एचटीटीपीएस करायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र, हवं. आता इमॅक्सच्या लिस्प भाषेत स्ट्रिंगच्या, म्हणजे अवतरणातल्या मजकुराच्या, आत रेग्युलर एक्स्प्रेशनचा गट करायचा, तर कंसाआधी दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात. भालदार-चोपदार पुढे चालल्याशिवाय महाराज दरबारात पाऊल टाकत नाहीत. उघडणाऱ्या कंसाला दोन, मिटणाऱ्याला दोन. साडेबारा वाजता बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "कीबोर्ड बिघडलाय का?"

दुसऱ्या रात्री लिंक तयार झाली. चॅटमध्ये चिकटवली, तर अर्धीच निळी. उरलेली अर्धी खालच्या ओळीत, काळी, पोरकी. तासभर मी माझ्याच रेग्युलर एक्स्प्रेशनवर संशय घेत होतो. चोर वेगळाच निघाला. गिटच्या उत्तराच्या शेवटी एक न दिसणारी नवी ओळ असते, आणि इमॅक्स ती काहीही न कापता, प्रामाणिकपणे हातात ठेवतो. मी ती तशीच हॅशच्या शेपटीला धरून पुढचा पत्ता जोडला होता.

मग निवडलेल्या ओळी. तीन पूर्ण ओळी निवडल्या की कर्सर चौथीच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो, आणि लिंक म्हणते चार. ते निस्तरलं. तेवढ्यात आठवलं की आमचा एक रेपो गिटलॅब या दुसऱ्या साइटवर आहे. गिटहबला दहा ते वीस ओळी 'एल १० - एल २०' अशा लागतात, गिटलॅबला 'एल १० - २०'. दुसरा 'एल' नको. एका अक्षरासाठी रात्रीचे दोन वाजले. वाईट वाटलं नाही. उलट जरा अभिमानच वाटला, आणि मला वाटतं खरा आजार तोच आहे.

तिसऱ्या रात्री कळलं की नेमकं हेच काम करणारं 'गिट-लिंक' नावाचं पॅकेज तयार मिळतं. दोन्ही साइटी, ओळी, हॅश, सगळं त्यात आहे. आई विकतच्या चकलीकडे जसं बघते तसं मी त्याच्याकडे बघितलं. एवढ्या रात्री जागून भाजणी दळल्यावर कोण विकतची आणतो?

सकाळी नागपूरकराचा मेसेज आला. फाइल तीच, ओळ तीच. बग बिचारा कुठे पळून जाणार! मी कंट्रोल-सी, मग 'एल' दाबलं, लिंक चिकटवली. अखंड निळी. डोळे भरून बघून घेतली.

"४०४ येतंय बे."

४०४ म्हणजे असं पानच नाही. बरोबरच. कमिट माझ्या लॅपटॉपमधून अजून बाहेरच पडला नव्हता. जगात नसलेल्या हॅशची लिंक मी मोठ्या थाटात पाठवली होती. पुश केलं, म्हणजे कमिट साइटवर चढवला.

"अजून ४०४च येतंय."

हा गडी ब्राउझरमध्ये स्वतःच्या खासगी खात्यानं शिरला होता. आमचा रेपो बंद दाराआडचा, आणि अशा दारावर 'तुम्हाला परवानगी नाही' एवढंही कुणी सांगत नाही. 'असं काही इथे नाहीच, पुढे चला' म्हणतात. पुण्यात राहून मला हे आधी सुचायला हवं होतं.

"ऑफिसच्या खात्यानं उघड ना."

"पासवर्ड शोधा लागते. तू नंबरच सांग ना बे, कोणती ओळ?"

मी फोन लावला. "तुझ्याकडे १८७."

पलीकडे माउसचं चाक फिरल्याचा आवाज आला.

"मी सकाळीच मेनवरचे नवे बदल पुल केले," तो म्हणाला. "१८७ वर आता कंस आहे."