इव्हेंट आला नाही म्हणजे बिघाड नाही, हा समज घातक आहे

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या टीमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरला. त्याचे म्हणणे असे, की इव्हेंटवर, म्हणजे सर्व्हर स्वतःहून पाठवतात त्या स्थितीच्या संदेशांवर, चालणारा डॅशबोर्ड (सगळ्यांची स्थिती दाखवणारा पडदा) बिघाड क्षणात दाखवतो. इव्हेंट आला नाही तर सगळे ठीक आहे असे समजावे. सरासरी प्रतिसादवेळ हिरवी असली की ग्राहकांना त्रास नसतो. आणि प्रत्येक त्रुटीचा ईमेल जातच असल्याने रात्री ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास फोनवर हजर असणारा, माणूस लागत नाही. तो वाचून तिच्या वरिष्ठांनी रात्रपाळी बंद करण्याचा विषय काढला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला दुसरा दावा सर्वांत घातक आहे. इव्हेंट पाठवते ती ज्या यंत्रणेवर लक्ष ठेवायचे ती यंत्रणाच. ती बंद पडली की तसे कळवायला मागे कोणी उरत नाही. रात्री दोन वाजता चालणारा बॅकअपचा जॉब घ्या. तो मध्येच फसला तर 'फेल'चा इव्हेंट पाठवील, पण सर्व्हरच बंद असला किंवा क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्राममधली) ओळ कोणी चुकून खोडली असली, तर जॉब सुरूच होत नाही, इव्हेंट निघत नाही, आणि डॅशबोर्डवरची चौकट कालच्या 'ओके'वर हिरवीच राहते. यासाठीच रीमानसारख्या देखरेख प्रणालीत इव्हेंटला होस्ट, सर्व्हिस आणि स्थिती यांच्याबरोबर टीटीएल, म्हणजे सेकंदांतली मुदत, असते. मुदतीत नवा इव्हेंट आला नाही, की जुना इंडेक्समधून, म्हणजे ताज्या इव्हेंटच्या यादीतून, काढला जातो आणि 'एक्स्पायर्ड' स्थितीचा इव्हेंट पुढे पाठवला जातो. रोजच्या बॅकअपला २५ तासांची, म्हणजे ९०,००० सेकंदांची मुदत पुरेल. मात्र 'एक्स्पायर्ड'साठी अलर्टचा नियम लिहिलेला नसेल, तर ती चौकट डॅशबोर्डवरून नुसती नाहीशी होते, आणि चाळीस चौकटींतली एक गेलेली सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिला दावा अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागेल. प्रोमीथियस हा देखरेखीचा दुसरा प्रोग्राम ठरावीक अंतराने स्वतः सर्व्हरकडे जाऊन आकडे गोळा करतो, आणि ते अंतर बदलले नाही तर एक मिनिटाचे असते. इव्हेंट त्याआधी पोचू शकतो. पण विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले नाही, तर प्रोमीथियस त्या सर्व्हरचा 'अप' (सर्व्हरकडून उत्तर मिळाले का, हे सांगणारा आकडा) शून्यावर आणतो. गप्प झालेला सर्व्हर त्याला आपोआप कळतो, आणि फॉरवर्डने नेमके हेच गाळले आहे.

सरासरीचा दावा एका हिशेबात कोसळतो: ९९ विनंत्यांना १०० मिलिसेकंद आणि एकीला १० सेकंद लागले, तरी सरासरी १९९ मिलिसेकंदच येते.

राहिला ईमेलचा मुद्दा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, आणि सुमारे ४५ मिनिटांत तिचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. अमेरिकी बाजार नियामक एसईसीच्या २०१३ च्या आदेशात नोंद आहे, की त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच त्रुटी सांगणारे ९७ स्वयंचलित ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला गेले होते. ते अलर्ट म्हणून योजलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांवर कोणीही कृती केली नाही. तेव्हा भाचीच्या वरिष्ठांना माझी विनंती एवढीच आहे, की रात्रपाळीचा निर्णय घेण्याआधी एका चाचणी सर्व्हरवरून इव्हेंट पाठवणारा एजंट रात्री बंद करावा आणि सकाळपर्यंत कोणाचा फोन वाजतो का, ते पाहावे.